निनहायड्रिनला न दिसणारा पट्टा

मेंदूतली फॉस्फोलिपिडं, म्हणजे पेशीपटलं ज्यांची बनतात ते मेदरेणू, वेगळी करायला मला आजही टीएलसी (पातळ थरावरचं वर्णलेखन) हीच पद्धत आवडते. काचेच्या प्लेटवर सिलिका जेलचा पातळ थर, क्लोरोफॉर्म, मेथॅनॉल आणि पाण्याचं ६५:२५:४ मिश्रण, आणि घट्ट झाकणाची टाकी. एवढ्या सामग्रीवर मेंदूचं मेद आपापल्या जागी जाऊन थांबतं. कोलेस्टेरॉल पार वर पळतं. त्याच्या खाली फॉस्फॅटिडिलइथॅनोलामाइन, ज्याला सगळे पीई म्हणतात. मग फॉस्फॅटिडिलकोलीन म्हणजे पीसी, त्याच्या आसपास फॉस्फॅटिडिलसेरीन म्हणजे पीएस, आणि त्याखाली स्फिंगोमायलिन. प्लेट वाळवून आयोडीनच्या बरणीत ठेवली की सगळे पट्टे पिवळट तपकिरी होऊन वर येतात. आयोडीन उडून गेलं की निनहायड्रिन फवारायचं आणि प्लेट गरम करायची. आता फक्त पीई आणि पीएस जांभळे होतात, कारण मोकळा अमिनो गट त्या दोघांकडेच असतो.

या लेखाचा विषय आहे पीईच्या थोडा वर दिसणारा एक फिकट पट्टा. आयोडीनमध्ये तो दिसतो, निनहायड्रिनला मात्र दाद देत नाही. तोही पीईच आहे, पण त्याच्या अमिनो गटावर आणखी एक मेदाम्ल येऊन बसलेलं आहे. साध्या फॉस्फोलिपिडला दोन मेदाम्लांच्या शेपट्या असतात, याला तीन. अमिनो गट झाकला गेला म्हणून निनहायड्रिनचा रंग गेला, आणि शेपूट वाढली म्हणून तो प्लेटवर जरा पुढे गेला. त्याचं नाव एन-ॲसिल फॉस्फॅटिडिलइथॅनोलामाइन. प्रयोगशाळेत आम्ही नेप म्हणतो.

मी सांगलीला एमएस्सीच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे रेणूंचं वजन मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर नाही, उंदीरघर नाही. त्यामुळे भेजा येतो तो खाटकाकडून. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी गिऱ्हाइकं घेऊन जातात. मुलं थर्माकोलच्या पेटीत बर्फ घेऊन दुकानासमोर थांबतात आणि बोकड कापल्यावर डोकं फोडून निघालेला भेजा थेट स्टीलच्या डब्यात, डबा बर्फात. आल्या आल्या त्याच्यावरची रक्तवाहिन्यांची जाळी चिमट्यानं सोलायची, थंडगार सुक्रोजच्या द्रावणात धुवायचा, आणि टेफ्लॉनच्या मुसळीनं काचेच्या नळीत घोटायचा. हात थांबवायचा नाही, नळी बर्फातून वर काढायची नाही. मग त्या गढूळ द्रावणाचे दोन भाग. एका नळीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत ईजीटीए, जे असलेलं कॅल्शियमसुद्धा धरून ठेवतं. दोन्ही ३७ अंशांवर. शेवटी क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल २:१ या प्रमाणात घालून सगळं थांबवायचं. फॉल्च आणि सहकाऱ्यांनी १९५७ साली प्राण्यांच्या ऊतींमधल्या मेदासाठी लिहून ठेवलेली ही कृती आजही जशीच्या तशी चालते. प्लेटवर भरपूर द्रव्य लावलं की कॅल्शियमच्या बाजूला तो फिकट पट्टा येतो. ईजीटीएच्या बाजूला येत नाही.

हा फरक मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, म्हणून मी हा प्रयोग दर वर्षी लावते. आणि एका वर्षी जत तालुक्यातून आलेल्या एका मुलीनं प्लेट हातात धरून विचारलं, "मॅडम, आपण पाच मिलिमोलर कॅल्शियम घातलं. पेशीच्या आत एवढं कॅल्शियम असतंच कुठे?"

या विषयात याहून चांगला प्रश्न नाही. शांत बसलेल्या चेतापेशीच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं (हजार नॅनोमोलरचा एक मायक्रोमोलर, हजार मायक्रोमोलरचा एक मिलिमोलर). बाहेरच्या द्रवात ते एक मिलिमोलरच्या वर. म्हणजे पेशीपटलाच्या दोन बाजूंमध्ये दहा हजार पटींचा फरक, आणि तो टिकवायला पंप अहोरात्र एटीपी हे पेशीचं इंधन जाळत असतात. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतल्या शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी वीस टक्के घेतो, त्यातला मोठा वाटा या असल्या पंपांचा. मग नळीत मिलिमोलर कॅल्शियम घालून आपण जे मोजतो, ते जिवंत पेशीत कधी घडतं का? पुस्तकात 'कॅल्शियम-अवलंबी विकर' (विकर म्हणजे एन्झाइम) असं दोन शब्दांत लिहून पुढे जातात. पण किती कॅल्शियम आणि कुठलं कॅल्शियम, हे विचारल्याशिवाय त्या दोन शब्दांना अर्थ नाही. वेगवेगळ्या विकरांच्या बाबतीत त्याचं उत्तर वेगवेगळं आहे.

सोपं उत्तर स्रावी फॉस्फोलायपेज ए२ चं. हे लहानसं प्रथिन, सुमारे १४ किलोडाल्टनचं. त्याच्या क्रियास्थानातच कॅल्शियम बसतं आणि रासायनिक क्रियेत भाग घेतं. त्याला मिलिमोलर कॅल्शियम लागतं, पण ते काम करतं पेशीच्या बाहेर, जिथे तेवढं असतंच. आमच्या भागात हे विकर सगळ्यांना माहीत आहे, फक्त या नावानं नाही. मण्यारीच्या विषात ते असतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दुखत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे पापण्या उघडत नाहीत. त्या विषातलं विकर चेतातंतूच्या टोकाला, जिथून स्नायूला निरोप जातो तिथे, पेशीपटलाचे फॉस्फोलिपिड कापतं. टोकच उद्ध्वस्त झाल्यावर प्रतिविषानं ते लगेच जुळून येत नाही. म्हणूनच मण्यारीच्या दंशात श्वास यंत्रावर टिकवून वाट पाहावी लागते, आणि म्हणूनच दवाखान्यात पोचायला उशीर करायचा नसतो.

दुसरं विकर पेशीच्या आतलं, सायटोसोलिक फॉस्फोलायपेज ए२ अल्फा. १९९१ मध्ये त्याचं जनुक हाती आलं. हे ८५ किलोडाल्टनचं. याच्या क्रियास्थानात कॅल्शियम नाहीच, तिथे सेरीन हे अमिनो आम्ल, साखळीतलं २२८ क्रमांकाचं, काम करतं. कॅल्शियम बसतं प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला, सी२ नावाच्या भागात, आणि तिथे बसल्यावर प्रथिन पेशीद्रवातून उठून आतल्या पटलांना चिकटतं. म्हणजे इथे कॅल्शियम कापण्याचं काम करत नाही, कापणाऱ्याला जागेवर नेतं. त्यामुळे मायक्रोमोलरच्या आसपासचं कॅल्शियमही पुरतं. विकर पटलाला चिकटलं की फॉस्फोलिपिडमधलं ॲराकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल मोकळं होतं आणि त्यापासून दाहाचे निरोप देणारी प्रोस्टाग्लँडिन बनतात, हा बाण प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. मेंदूपुरता तो बाण आता दुरुस्त करायला हवा. २०११ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की मेंदूत प्रोस्टाग्लँडिनसाठीचं ॲराकिडोनिक आम्ल मोठ्या प्रमाणात दुसऱ्याच वाटेनं येतं, २-ॲराकिडोनॉइलग्लिसरॉल हा वेगळा मेदरेणू तोडून. मी वर्गात दोन्ही बाण काढते आणि कुठल्या अवयवात कुठला जाड काढायचा ते मुलांना विचारते.

तिसरं उत्तर मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटतं. सस्तन प्राण्यांत पीएस बनतं ते अदलाबदलीनं. तयार पीसीमधलं कोलीन किंवा पीईमधलं इथॅनोलामाइन काढून त्या जागी सेरीन बसवलं जातं. एटीपी लागत नाही, कॅल्शियम लागतं, आणि नळीत बरंच लागतं. यीस्ट आणि जिवाणू पीएस वेगळ्या मार्गानं बनवतात. आपल्याकडे हीच एक वाट. ही अदलाबदल करणारी विकरं बसलेली असतात अंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात, विशेषतः जिथे ती मायटोकॉन्ड्रियाला टेकते त्या भागात. आणि अंतर्द्रव्यजालिका हे पेशीचं कॅल्शियमचं कोठार आहे. तिच्या आत शेकडो मायक्रोमोलर कॅल्शियम साठवलेलं असतं, आणि ते कोठार औषधानं रिकामं केलं की पीएसची निर्मिती मंदावते. जतच्या मुलीला मी तेव्हा पहिल्यांदा हेच सांगितलं. पेशीच्या आतही एवढं कॅल्शियम असतं, पण ते बंद खोलीत. आणि काही विकरं त्या खोलीच्या भिंतीतच राहतात.

पण तिच्या हातातल्या प्लेटवरचा प्रश्न पीएसचा नव्हता, नेपचा होता. त्याचं उत्तर इतकं सरळ नाही.

ही कथा सुरू होते अमेरिकेत मिनेसोटातल्या ऑस्टिन या गावात. मांस कारखान्याचं गाव. तिथल्या हॉर्मेल घराण्यानं मिनेसोटा विद्यापीठाबरोबर १९४२ मध्ये एक संशोधन संस्था काढली आणि ती पुढे मेदद्रव्यांच्या अभ्यासासाठी नावाजली गेली. तिथे हॅराल्ड श्मिड यांच्या गटाला १९७९ च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयात, रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागात, एन-ॲसिलइथॅनोलामाइन नावाची द्रव्यं साठलेली सापडली. निरोगी भागात ती जवळजवळ नव्हती. मग त्यांच्याबरोबरच्या व्ही. नटराजन आणि इतरांनी मेंदूकडे मोर्चा वळवला. १९८३ मध्ये त्यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या घोटलेल्या द्रावणात दाखवून दिलं की कॅल्शियम घातलं की पीसीच्या पहिल्या जागेवरचं मेदाम्ल उचललं जातं आणि पीईच्या अमिनो गटावर ठेवलं जातं. पाण्यानं तोडून मोकळं केलेलं मेदाम्ल नव्हे, थेट एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर. तयार झालेलं नेप पुढे दुसरं विकर तोडतं आणि एन-ॲसिलइथॅनोलामाइन सुटतं.

त्या वेळी हे मेदरसायनाच्या कोपऱ्यातलं काम होतं. १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये डेव्हेन, हानुश आणि मेखुलाम यांनी डुकराच्या मेंदूतून गांजाच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटणारं मेंदूचं स्वतःचं द्रव्य वेगळं केलं. त्याला त्यांनी संस्कृत 'आनंद'वरून ॲनंडामाइड हे नाव दिलं, आणि ते निघालं एन-ॲसिलइथॅनोलामाइनच्याच कुळातलं. दोन वर्षांत पॅरिसहून दी मार्झो आणि सहकाऱ्यांचं काम आलं: चेतापेशीत कॅल्शियम शिरलं की नेपपासून ॲनंडामाइड सुटतं. एका रात्रीत जुन्या कामाला भाव आला. मला इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण वर्तमानपत्री लेखांत ती हमखास सुटते. पीसीच्या पहिल्या जागेवर ॲराकिडोनिक आम्ल क्वचितच असतं. तिथे पामिटिक आणि स्टिअरिकसारखी संपृक्त आम्लं असतात. त्यामुळे या वाटेनं बनणाऱ्या मालात ॲनंडामाइड अगदी थोडं, आणि पामिटॉइलइथॅनोलामाइनसारखी इतर भावंडं भरपूर. ती गांजाच्या ग्राहीला चिकटत नाहीत, पण दाह कमी करण्यात त्यांचा हात आहे. माझ्या मते ती भावंडंच मुख्य आहेत.

आणि हे सगळं करणारं विकर? त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. क्रिया होती, जनुक नव्हतं. नेप तोडणारं पुढचं विकर जपानमध्ये उएदा यांच्या गटानं २००४ मध्ये शोधलं. नेप बनवणारं मात्र पटलाला धरून बसलेलं, शुद्ध करायला अवघड. १९८३ पासून तीस वर्षांहून जास्त काळ लेखांमध्ये 'कॅल्शियम-अवलंबी एन-ॲसिलट्रान्सफरेज क्रिया' एवढंच लिहिलं जात राहिलं. त्या काळात मेंदूचं द्रावण घोटणाऱ्या, किरणोत्सारी मेदाम्ल घालून प्लेट खरवडणाऱ्या, आकडे जुळवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी मोजलेलं खरं होतं. नाव मिळालं नाही म्हणून ते कमी खरं नव्हतं.

नाव मिळालं २०१६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत. बेंजामिन क्रॅव्हाट यांच्या प्रयोगशाळेत ओगुरा, पार्सन्स आणि सिद्धेश कामत यांनी जुनी शुद्धीकरणाची वाट सोडली. ही क्रिया सेरीन हायड्रोलेज, म्हणजे सेरीनच्या जोरावर रेणू तोडणाऱ्या विकरांच्या, कुळाला रोखणाऱ्या द्रव्यांनी थांबते, हा धागा त्यांनी पकडला. क्रियाशील सेरीनला जाऊन चिकटणारे रासायनिक गळ उंदराच्या मेंदूच्या प्रथिनांत टाकले आणि काय अडकतं ते मास स्पेक्ट्रोमीटरवर पाहिलं. अडकलं ते पीएलए२जी४ई. हे जनुक २००५ पासून नोंदलेलं होतं, वर सांगितलेल्या सायटोसोलिक फॉस्फोलायपेजच्याच कुटुंबातलं, एप्सिलॉन या नावानं. फॉस्फोलायपेज म्हणून मोजलं तर त्याची क्रिया क्षीण. पण मेदाम्ल तोडून पाण्याला देण्याऐवजी पीईला देण्यात ते पटाईत. कागदोपत्री जात एक, हातातलं काम दुसरं.

त्या शोधनिबंधाच्या कर्त्यांपैकी सिद्धेश कामत आता पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत आहेत, आणि त्यांची प्रयोगशाळा मेंदूतल्या लायसो-पीएस या सिग्नल देणाऱ्या मेदावर काम करते. सांगलीहून सकाळची बस धरली तर दुपारपर्यंत पोचता येईल एवढ्या अंतरावर हा विषय जिवंत आहे, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया ऐकून मुलांचे डोळे दूर जातात, पाषाण ऐकून ती वही उघडतात.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे. या विकरालाही सी२ भाग आहे, पण नळीत त्याला मिलिमोलरपर्यंत कॅल्शियम लागतं. पेशीत ते कधी मिळतं? एक उत्तर भयंकर आहे. माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा तालुक्याच्या गावाहून मिरजेला नेईपर्यंत गाडीत त्यांचा डावा हात माझ्या हातात होता, आणि मला आतमध्ये काय चाललंय ते पायरी पायरीनं माहीत होतं. रक्त थांबलं की एटीपी संपतं. पंप थांबतात. ग्लुटामेट बाहेर सांडतं, त्याच्या ग्राहींची दारं उघडतात, आणि दहा हजार पटींचा तो बांध फुटून कॅल्शियम आत येतं. अर्जेंटिनाच्या निकोलास बाझान यांनी १९७० मध्येच उंदराच्या मेंदूत दाखवलं होतं की रक्तपुरवठा तुटला की मोकळी मेदाम्लं काही मिनिटांत वाढतात. विजेचा झटका दिला तरी वाढतात. त्याच पुरात नेपही वाढतं. म्हणूनच हृदयाच्या मेलेल्या भागात श्मिड यांना त्यापासून सुटणारी द्रव्यं सापडली होती, आणि म्हणूनच खाटकाच्या भेज्यात नेप बनवणं आम्हाला जमतं. जिवंत मेंदूतली खरी पातळी मोजायची असेल तर प्राण्याच्या डोक्यावर मायक्रोवेव्हचा झोत सोडून सेकंदा-दोन सेकंदांत सगळी विकरं निकामी करावी लागतात. इतकं हे लवकर घडतं.

नेपचं हे वाढणं म्हणजे नासाडी की बचाव? श्मिड यांचं म्हणणं बचाव असं होतं: तीन शेपट्यांचा रेणू पटलाला बांधून ठेवतो आणि सुटलेली एन-ॲसिलइथॅनोलामाइनं दाह आवरतात. मला हे पटतं. फॉस्फोलायपेज पटल तोडत असताना, त्याच कॅल्शियमनं, त्याच कुटुंबातलं दुसरं विकर तुटणारं मेदाम्ल पटलातच ठेवून घेतं, यात मला अर्थ दिसतो. पण पटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे, आणि मुलांना मी दोन्ही वेगळं सांगते.

दुसरं उत्तर अधिक नवं आहे आणि जतच्या मुलीनं विचारलं तेव्हा ते माझ्याकडे नव्हतं. उएदा यांच्याच गटानं पुढे दाखवलं की या विकराच्या नळीत पीएस घातलं तर क्रिया कितीतरी वाढते आणि कॅल्शियमची गरज खाली येते. पीएसवर ऋण भार असतो. सी२ भाग आणि कॅल्शियम त्याला धरून पटलावर टिकतात. संशोधक शुद्ध पीसी आणि पीईवर विकर तपासत होते, म्हणून ते एवढं कॅल्शियम मागत होतं. मेंदूच्या पटलाची आतली बाजू मात्र पीएसनं भरलेली असते. आणि ते पीएस बनलं कसं? कॅल्शियमच्या कोठाराच्या भिंतीत, कॅल्शियमच्याच मदतीनं झालेल्या अदलाबदलीतून.

यंदा हा प्रयोग मी बदलणार आहे. नुसतं कॅल्शियम आणि ईजीटीए अशा दोन नळ्या न ठेवता, ईजीटीए आणि कॅल्शियमचं प्रमाण बदलत मोकळं कॅल्शियम एक मायक्रोमोलरपासून एक मिलिमोलरपर्यंत चढवत न्यायचं. भेज्याचं द्रावण आधी धुवून घ्यायचं आणि फक्त पटलांचा साका वापरायचा. अर्ध्या नळ्यांत बाहेरून पीएस मिसळायचं. पट्टा फिकट असल्यामुळे डोळ्यांवर भागणार नाही. सिलिका खरवडून त्यातलं फॉस्फेट मोजावं लागेल, आणि त्यासाठी नळ्या क्रोमिक आम्लानं धुतलेल्याच हव्यात, साबणाच्या चालणार नाहीत, कारण साबणात फॉस्फेट असू शकतं. पटलांत आधीच पीएस असल्यामुळे बाहेरून घातलेल्याचा फरक कमी दिसेल अशी माझी अटकळ आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी खाटकाला शुक्रवारी सांगून ठेवावं, शनिवारी सकाळी सहाला बर्फ घेऊन दुकानापाशी भेटू.